दुसऱ्याच्या हातचं व्हायोलिन

मार्कनॉयकिर्खन, ३ नोव्हेंबर १८८९

अल्विन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडशील की चुलीत टाकशील, मला ठाऊक नाही. पत्ता पाद्रीसाहेबांकडून घेतला. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेल्याचं त्यांनीच तुला कळवलं होतं. ते काम थोरल्या भावाचं होतं. तेव्हा घरात फार गडबड होती, अशी मी माझीच समजूत घालत आलो.

आम्ही बरे आहोत. सेल्माचे गुडघे थंडीत कुरकुरतात. मुली उंच झाल्या. मोठीचा चेहरा आपल्या आईवर गेला आहे. गाव तू ओळखणार नाहीस. अडत्यांनी टेकडीवर एकाहून एक हवेल्या बांधल्यात आणि त्यांची पेटीबंद व्हायोलिनं गाड्या भरभरून समुद्रापलीकडे तुझ्याच नव्या देशाला जातात. ओढ्याकाठी मेंढ्यांच्या आतड्यांपासून तातीच्या तारा करणाऱ्यांचा वास मात्र तोच. वारा फिरला की सेल्मा अजून म्हणते, "बंद करा रे खिडक्या, मेंढ्या आल्या!"

आता एक छोटंसं काम. ड्रेस्डेनचं एक गिऱ्हाईक आहे, त्याला मुलीसाठी जरा खास वाद्य हवं आहे. तू शेवटच्या वर्षी रोगण लावायचास, ते कसं करायचास? आणि पुढची फळी मध्ये किती जाड ठेवायचास, कडेला किती? सहज विचारतो आहे. नाही आठवलं तरी चालेल.

बाबा तुला टाकून बोलले त्या दिवशी मी मध्ये पडायला हवं होतं. "लोक ज्या वेळात दोन डझन करतात त्या वेळात हा एक करतो, आणि तेही अर्धं!" असं ते ओरडले, आणि मी खाली मान घालून सरस ढवळत राहिलो. हे लिहायचं राहून गेलं होतं.

तुझा भाऊ,
लेबरेख्त


मार्कनॉयकिर्खन, १२ जानेवारी १८९०

प्रिय अल्विन,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी आलं. सेल्मा बटाटे किसत होती, तिने तसेच ओले हात पुसले आणि म्हणाली, "वाच, मोठ्याने वाच." मी वाचलं. सगळं नाही वाचलं.

तू मला सहा पानं लिहिलीस. मी नऊ वर्षं गप्प राहून एक पान लिहिलं, त्यातही तीन ओळी कामाच्या, आणि तू सहा पानं लिहिलीस, वर आकृत्या काढल्यास. राळ किती, जवसाचं तेल किती, मंजिष्ठेचा रंग कधी घालायचा. रोगणाला हात लावण्याआधी पांढरं लाकूड उन्हाळाभर उन्हात टांगायचं, हे तर मला सुचलंच नसतं. "दादा, जाडी मापाने ठरवू नकोस, बोटाने टकटक कर आणि ऐक," असं लिहिलंस. मी टकटक केली. मला लाकूड ऐकू आलं, अल्विन. नुसतंच लाकूड.

तू तिकडे गेल्यापासून एकही व्हायोलिन केलं नाहीस, मिलवॉकीच्या कारखान्यात बाजाच्या पेट्यांचे भाते चिकटवतोस, हे वाचून सेल्मा म्हणाली, "असे हात, आणि भाते?" मी म्हणालो, "पोटाला लागतं." ती परत बटाटे किसायला बसली.

शेवटच्या पानावर तू विचारलं आहेस, "मी जाताना तुझ्याकडे दिलं ते व्हायोलिन बाबांना दाखवलंस का? काय म्हणाले?"

दाखवलं. बाबांना आवडलं. पोरगं शिकलं म्हणाले. नंतर ते एका चांगल्या वादकाकडे गेलं, तो जपून वापरतो. बाबा शांतपणे गेले, शेवटी तुझी आठवण काढली त्यांनी.

मुली गोठलेल्या तळ्यावर घसरायला गेल्यात, त्यांना आणायला निघतो.

तुझा,
लेबरेख्त


मार्कनॉयकिर्खन, २३ मार्च १८९०

प्रिय अल्विन,

या वेळी उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे, कारण थांबलो तर लिहिणार नाही.

मी तुला ज्या ड्रेस्डेनच्या गिऱ्हाइकाबद्दल लिहिलं त्याचं नाव वीडेमूट. दरबारी वाद्यवृंदात असतो. त्याच्या मुलीचं व्हायोलिन मी पुरं केलं. तुझी सहा पानं समोर खिळ्याने ठोकून केलं. उन्हात मात्र टांगलं नाही. थंडीत ऊन कुठलं आणि अडत्या क्योनर्टला धीर कुठला? गेल्या मंगळवारी वीडेमूट स्वतः ते न्यायला आला. बरोबर आपलं जुनं वाद्य घेऊन आला होता, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकायला.

कामाच्या खोलीत क्योनर्टही होता. सेल्मा माल्टची कॉफी घेऊन दारात उभी होती. वीडेमूटने आधी नवं वाजवलं, मग जुनं. जुन्याचा पहिलाच सूर निघाला आणि सेल्माच्या हातातला ट्रे खाली आला, बाकावर टेकला. असा आवाज आपल्या त्या खोलीत परत येईल असं मला वाटलं नव्हतं.

वीडेमूट गज खाली ठेवून म्हणाला, "उस्ताद, हे नवं तुम्ही डाव्या हाताने केलंत का?"

क्योनर्ट हसला. "वय झालं हो त्यांचं."

"नऊ वर्षांत माणूस म्हातारा होतो, हे मी समजू शकतो," वीडेमूट म्हणाला. "दुसराच कोणीतरी होतो, हे मला माहीत नव्हतं."

तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खोकल्याचं निमित्त केलं आणि अंगणात जाऊन लाकडाच्या ढिगामागे उभा राहिलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कारागीर मंडळाचा सभासद, लपून.

तुला कळलं असेलच. ते जुनं वाद्य तुझं आहे.

कसं झालं ते सांगतो. तू वसंतात गेलास. ते माळ्यावर खुंटीला टांगलेलं होतं. सप्टेंबरात क्योनर्ट लाकूड बघायला वर आला. ते उतरवून खिडकीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "लेबरेख्त! अरे लबाडा, हे इतके दिवस लपवून ठेवलंस?" मी काहीच बोललो नाही. बस, एवढंच. नाही म्हणालो नाही. त्याने ते लाइपझिगच्या प्रदर्शनात पाठवलं. तिथे त्याला पदक मिळालं, वीडेमूटने ते विकत घेतलं आणि वर्तमानपत्रात माझं नाव आलं. मग सांगणं जास्त अवघड झालं, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी अवघड. लोक म्हणायचे, तसलंच एक आम्हाला करून दे. मी म्हणायचो, तसं लाकूड मिळत नाही. मग म्हणू लागलो, मनगट दुखतं. नऊ वर्षं माझं मनगट दुखतंय, अल्विन. सेल्मा त्याला रोज तेल चोळते.

तिला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी.

लेबरेख्त


मार्कनॉयकिर्खन, १८ मे १८९०

अल्विन,

तुझं पत्र मिळालं. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

तुला माहीत होतं. १८८१ साली मिलवॉकीच्या जर्मन वर्तमानपत्रात पदकाच्या व्हायोलिनचं चित्र आलं होतं. दाढी करायला न्हाव्याकडे बसला असताना तुला ते दिसलं, आणि मानेच्या टोकावर कोरलेलं वेटोळं, आपली ती गोगलगाय, पाहून तू ओळखलंस. "मला वाटलं, दादा लिहील," असं तू म्हणतोस. नऊ वर्षं. आणि मी शेवटी लिहिलं ते रोगण मागायला! तेव्हाही तू दिलंस. "सगळं दिलं की कदाचित सांगशील, असं वाटलं," हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की कागद तिथे मऊ पडला आहे.

आणि खाली तू लिहिलंस, "क्योनर्टने विचारलं आणि तू गप्प राहिलास, हे समजलं. पण आत माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. क्योनर्ट आधी चिठ्ठी वाचतो, मग लाकूड बघतो. तिचं काय झालं?"

मी काढली. क्योनर्ट वर यायच्या आठवडाभर आधी. तो येणार हे मला ठाऊक होतं. ओलं फडकं तारेला गुंडाळून पुढच्या फळीतल्या छिद्रातून आत सोडलं, चिठ्ठी भिजू दिली, चिमट्याने ओढली. तुझं नाव आलं, शेवटचं अक्षर आतच राहिलं, ते खरवडून काढावं लागलं. मग माझी चिकटवली. तुझी चुलीत टाकली. गप्प राहिलो हे खरं नाही. सगळं आधी नीट मांडून ठेवलं आणि मग गप्प राहिलो.

आता पुढे काय केलं ते सांगतो. शाबासकीसाठी नाही.

कारागीर मंडळाची बैठक ईस्टरनंतर पोस्टाच्या खानावळीत होती. आणखी कोणाला काही बोलायचं आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी उठलो. पदक खिशात होतं, ते टेबलावर ठेवलं आणि सांगितलं: ते व्हायोलिन माझ्या भावाने केलं, मी त्याची चिठ्ठी काढून माझी लावली.

आधी कोणाला कळलंच नाही. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, माझ्या व्हायोलिनांत काय माझ्या चिठ्ठ्या असतात? सगळ्या इटलीच्या मेलेल्या उस्तादांच्या! बस खाली, बिअर पी!" सगळे खो खो हसले. मीही हसलो असेन, तोंड तसं झालं होतं खरं. तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारा त्स्यॉफेल बोलला, तोच आपला तातीवाला. म्हणाला, "मेलेल्या परक्याचं नाव लावणं हा धंदा आहे, पोरांनो. सगळेच करतात, घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. जिवंत भावाचं नाव पुसणं हा धंदा नव्हे."

मग कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. लोक उठून गेले, पदक तिथेच. खानावळीची बाई टेबल पुसायला आली आणि तिने ते फडक्याने उचललं. "हे कोणाचं?"

"माझं नाही," मी म्हणालो.

तिने ते पेल्यांच्या फळीवर ठेवलं. तुला पाठवायचं तर सांग. नको असेल तर तेही सांग.

सेल्माला मी सभेला निघण्याआधी सांगायला हवं होतं. तिला ते पाववाल्याच्या दुकानात कळलं. घरी आली, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "त्या पदकामुळे मी नऊ वर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसले. सगळ्या गावाला सांगितलंस, मला का नाही?" मी टोपली उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आणि मनगट?" मी म्हणालो, मनगटाला काही झालेलं नाही. मी बाकीचं बोललो ते तिने सहन केलं. हे ऐकून मात्र ती रडली. तिच्या हातांना अजून त्या तेलाचा वास येतो. आता ती मुलींना घेऊन मागच्या बाकावर बसते. मी बाहेरच उभा राहतो, घंटा संपली की शिरतो.

क्योनर्टने काम बंद केलं नाही. त्याला माणसं लागतात. पण आता मी पूर्ण वाद्य करत नाही. गोगलगाई कोरून देतो, डझनावारी, बाबा द्यायचे तशा. त्यांवर नाव लागत नाही.

गेल्या आठवड्यात ड्रेस्डेनला जाऊन आलो. वीडेमूटने मला दारातच उभं ठेवलं. सगळं ऐकून घेतलं, चिठ्ठी बदलू द्या ही विनंतीही. "म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना तुमचं नाव सांगत होतो," तो म्हणाला. मी म्हणालो, हो. तो आत गेला, बराच वेळ आला नाही. मग व्हायोलिन घेऊन आला. "आवाजाला धक्का लागणार नाही ना?" नाही म्हटलं. "मग लावा."

त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोसमोर, मी पुन्हा तार आणि ओलं फडकं आत घातलं. माझी चिठ्ठी अखंड निघाली. मी सरस चांगला करतो. आतली नवी चिठ्ठी अशी आहे: अल्विन हार्टलीब, मार्कनॉयकिर्खन, १८८०. अक्षर माझं आहे, त्याला इलाज नव्हता.

वीडेमूटने छिद्रातून वाचलं आणि विचारलं, "हे अजून करतात का?"

"भाते चिकटवतात," मी म्हणालो.

"कशाचे?" त्याने विचारलं. "बाजाच्या पेट्यांचे, मिलवॉकीच्या कारखान्यात." तुझा पत्ता त्याने लिहून घेतला. मुलीच्या व्हायोलिनबद्दल तो तुला लिहील. तू हो म्हणावंस अशी माझी इच्छा आहे; पण माझ्या इच्छेचा तुझ्यावर काही हक्क नाही.

लेबरेख्त


मार्कनॉयकिर्खन, ८ जुलै १८९०

अल्विन,

तुझी एकच ओळ आली. "चिठ्ठीचं राहू दे दादा, बाबांनी ते खरंच पाहिलं होतं का?"

ही ओळ येणार हे मला माहीत होतं. मंडळासमोर उभं राहायला मला सहा आठवडे लागले, पण ते मी करू शकलो, कारण तेवढ्याने सगळं बोलून झालं असं मला वाटत होतं. ते खरं नव्हतं. जानेवारीच्या पत्रात मी बाबांबद्दल लिहिलं त्यातलं एक अक्षर खरं नाही. पोरगं शिकलं, असं ते म्हणाले नाहीत. शांतपणे गेले नाहीत.

व्हायोलिन लाइपझिगहून ऑक्टोबरात परत आलं, वीडेमूट ते न्यायला यायच्या आधी आठवडाभर घरी होतं. बाबा शेकोटीजवळच्या खाटेवर होते. डोळ्यांत मोतीबिंदू होऊन त्यांना फक्त उजेड आणि सावली कळायची. शेजारीपाजारी अभिनंदन करून गेले ते त्यांनी ऐकलं होतं. दुपारची वेळ होती, सेल्मा कपडे धुवायला गेली होती. ते म्हणाले, "आण बघू इकडे."

मी दिलं. त्यांनी फळीला हात लावला नाही, पाठीला नाही. सरळ मानेवर गेले आणि गोगलगायीवर अंगठा ठेवला. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही कोरलं नव्हतं, तुला ठाऊकच आहे. अंगठा बाहेरून आत फिरला, शेवटच्या वळणावर थांबला. तिथे तुझी पटाशी जरा खोल जाते. लहानपणी त्यासाठी त्यांनी तुझ्या बोटांवर पट्टी मारली होती, आणि तू तरी सोडलं नाहीस. त्यांनी अंगठा परत बाहेर आणला आणि पुन्हा आत नेला.

"लेबरेख्त, हे तू कोरलंस?"

"हो, बाबा."

अंगठा तिथेच होता.

"अल्विनने नाही?"

तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. ते रागाने म्हणाले नाहीत. कोणी दार ठोठावल्यावर आपण आतून विचारतो ना, कोण आहे, तसे म्हणाले. त्यांनी डोकं उशीवरून उचललं होतं, आणि ते उचलायला त्यांना किती कष्ट पडायचे हे मी रोज बघत होतो.

तू जाताना स्टेशनवर मला म्हणाला होतास, "बाबांचा राग उतरला की त्यांना दाखव." राग उतरला होता, अल्विन. माझ्या डोळ्यांसमोर उतरला होता.

मी म्हणालो, "नाही, बाबा. अल्विनने जाताना काही ठेवलं नाही."

त्यांनी डोकं खाली टेकलं. व्हायोलिन माझ्याकडे धरलं. म्हणाले, "म्हणजे मी त्याला बोललो, ते काही चुकीचं नव्हतं." मला वाटलं, मलाच सांगतायत. नंतर लक्षात आलं, ते मला विचारत होते. तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, सूप गरम करून आणतो.

आणलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलेलं होतं. त्यानंतर ते माझ्या हातून काही घेत नसत, सेल्माच्या हातून घेत. नवव्या दिवशी गेले. तू अपराधी म्हणून गेलास आणि त्यांनी तुला अपराधी म्हणून सोडलं, असं तू इतकी वर्षं समजत असशील. तसं नव्हतं.

तू विचारलंस, पाहिलं का. पाहिलं. त्यांनी तुझा हात ओळखला होता. मी नाही म्हणालो.

लेबरेख्त